कृष्णाकाठ बघायचाय? वाई ते खिद्रापूर, कुठल्या क्रमानं आणि कुठल्या वेळी

दिवाळी संपली की कृष्णाकाठचे प्लॅन सुरू होतात आणि बहुतेकांचे एकाच पद्धतीनं फसतात. पुण्याहून आरामात आठ-साडेआठला निघायचं, वाईत ढोल्या गणपती करायचा, मेणवलीत फोटो, मग "एवढं आलोच आहोत तर" म्हणून पसरणी घाट चढून पाचगणी, तिथं ट्रॅफिकमध्ये अर्धा दिवस, आणि उरलेल्या वेळात सातारा, कराड, सांगली, नरसोबाची वाडी, खिद्रापूर. खिद्रापूरला पोचेपर्यंत अंधार झालेला असतो आणि ज्याच्यासाठी एवढं लांब आलो ते कोपेश्वराचं देऊळ बाहेरूनच बघून परत फिरायचं.

यात चूक अंतराची कमी आणि क्रमाची जास्त आहे. नदीकाठचं ठिकाण हायवेवरच्या ठिकाणासारखं नसतं. ते कुठल्या काठावर आहे, त्या दिवशी नदीला पाणी किती आहे आणि उजेड कधी येतो, एवढं कळलं की बाकी सगळं आपोआप बसतं. म्हणून खाली इतिहास फार नाही, तो तिथल्या बोर्डावर वाचा. इथं फक्त कसं जायचं, काय आधी, काय नंतर आणि लोक कुठं चुकतात तेवढंच.

१. आधी तारीख पक्की करा, हॉटेल नंतर

सगळ्यात सोयीचे महिने नोव्हेंबर ते फेब्रुवारी. मार्च ते मेमध्ये ऊन कडक असतं, पण पाणी खाली गेलेलं असल्यामुळे घाटाच्या एरवी बुडालेल्या पायऱ्या दिसतात, ज्यांना बांधकाम बघायचंय त्यांनी उलट उन्हाळ्यातच जावं असं माझं मत आहे, फक्त सकाळी अकराच्या आत आणि चारनंतर. जून ते सप्टेंबर हिरवंगार दिसतं म्हणून लोक जातात आणि घाट पाण्याखाली बघून येतात.

महिना ठरला की लगेच पंचांग उघडा, ही पायरी जवळजवळ सगळे गाळतात. नरसोबाची वाडी आणि औदुंबर ही दत्ताची ठिकाणं, त्यामुळे गुरुवार, पौर्णिमा आणि दत्तजयंती टाळा (दर्शनासाठीच जाणार असाल तर गोष्ट वेगळी, मग गर्दी धरूनच चला). वाई आणि सांगलीच्या गणपतीला संकष्टीला रांग असते, अंगारकीला तर विचारूच नका. महादेवाची देवळं श्रावणी सोमवारी आणि महाशिवरात्रीला भरलेली. वाईत माघ-फाल्गुनात कृष्णाबाईचे उत्सव असतात तेव्हा घाटांवर मांडव पडतात, बघायला सुंदर पण घाट म्हणून घाट दिसत नाही. रंगपंचमीला वाईजवळ बावधनची बगाडाची यात्रा, त्या दिवशी त्या बाजूचे रस्ते विसरा. आणि २५ नोव्हेंबरला यशवंतराव चव्हाणांची पुण्यतिथी, कराडच्या प्रीतिसंगमावर (कृष्णा-कोयनेचा संगम, तिथंच त्यांची समाधी) मंत्री, पुढारी, पोलीस बंदोबस्त सगळं असतं, त्या दिवशी सकाळी तिथं गाडी नेऊ नका.

सप्टेंबरात कासला फुलं आली की शनिवार-रविवारी साताऱ्यात रूम मिळणं अवघड, हेही लक्षात ठेवा.

*चेक: तारीख, वार, तिथी, तिन्ही कागदावर लिहून झालं का? झालं तरच बुकिंग.*

२. पाण्याचा हिशोब: कुठल्या धरणाचा कुठं परिणाम

पावसाळ्यात किंवा परतीच्या पावसात जाणार असाल तर हा भाग नीट वाचा. लोक एकच प्रश्न विचारतात, "कोयनेतून पाणी सोडलंय का?" आणि त्यावर वाईला जायचं की नाही ठरवतात. कोयना नदी कृष्णेला मिळते कराडात. म्हणजे कोयनेच्या विसर्गाचा वाईशी काहीएक संबंध नाही.

वरून खाली असं धरा. वाई, मेणवलीच्या घाटांसाठी धोम धरण बघायचं. माहुलीला वेण्णा मिळते, तिच्यावर कण्हेर धरण, म्हणजे माहुलीपासून खाली धोम अधिक कण्हेर. कराडपासून खाली त्यात कोयना. सांगलीच्या हरिपूरला वारणा मिळते, म्हणजे चांदोलीचं पाणी तिथून पुढं. आणि नरसोबाच्या वाडीला पंचगंगा, तिच्यात राधानगरीचं पाणी. यावरून कळेल की वाईत नदी शांत असताना वाडीचं देऊळ पाण्यात का असू शकतं. खाली जाल तसं जास्त धरणांचं बघावं लागतं.

सांगलीत आयर्विन पुलापाशी पाण्याची फुटात मोजलेली पातळी रोज बातम्यांत येते. ४० फूट इशारा पातळी, ४५ फूट धोका पातळी. २०१९ च्या ऑगस्टमध्ये ती ५७ फुटांपर्यंत गेली होती. तुमच्यासाठी सोपा नियम: आयर्विनचा आकडा चढता असेल तर सांगलीच्या खालचा भाग, म्हणजे वाडी आणि खिद्रापूर, त्या ट्रिपमधून काढून टाका. आकडा लहान असला तरी. शिरोळ तालुक्यातले बंधारे आणि छोटे पूल आधी पाण्याखाली जातात आणि मग जाणारा रस्ता उघडा पण येणारा बंद अशी गंमत होते.

⚠ वरून पाणी सोडलं की खाली पोचायला वेळ लागतो. तुमच्या डोक्यावर ऊन असतं, पाऊस कुठंच नसतो आणि पायाखालची नदी चढत असते. भोंगा वाजला, गावकऱ्यांनी हाक मारली, की फोटो सोडून वर या. शेवाळलेल्या खालच्या पायऱ्यांवर एरवीही उतरू नका.

३. मॅपवर नुसतं नाव नको, काठ तपासा

फोनमधल्या मॅपवर नुसतं "माहुली" टाकलं की घोळ सुरू. साताऱ्याजवळ संगम माहुली आणि क्षेत्र माहुली अशा दोन आहेत, एक साताऱ्याच्या बाजूला आणि दुसरी कृष्णेच्या पलीकडे. दोन्हीकडे देवळं आहेत, दोन्हीकडून समोरचं दिसतं, पण मध्ये नदी. तसंच औदुंबर एका काठावर आणि भुवनेश्वरीचं देऊळ समोरच्या, मॅप हवेतून अंतर दाखवतो आणि रस्त्यानं जायचं तर पुलापर्यंत जाऊन वळसा पडतो. तिथं नाव असते, नावाडी आणि पाणी दोन्ही ठीक असेल तर तोच मार्ग बरा.

"वाडी" टाकलं तर शंभर वाड्या येतात. "नृसिंहवाडी" टाका, तालुका शिरोळ बघून घ्या. खिद्रापूरपाशी तर नदीपलीकडे कर्नाटक आहे, तेव्हा मॅपनं पलीकडच्या गावातून रस्ता दाखवला तर तो आंधळेपणानं धरू नका, वाडीत एखाद्या रिक्षावाल्याला विचारा आणि कुरुंदवाड, अकिवाट, सैनिक टाकळी करत अलीकडच्या बाजूनंच जा.

रेल्वेनं येणाऱ्यांसाठी: सातारा स्टेशन गावात नाही, माहुलीच्या बाजूला आहे. म्हणजे उतरल्या उतरल्या आधी माहुली करता येते, गावात जाऊन परत यायची गरज नाही. कराडचं स्टेशन ओगलेवाडीला, गावापासून लांब. औदुंबरसाठी भिलवडी, नरसोबाच्या वाडीसाठी जयसिंगपूर. पुणे-मिरज मार्गावरच्या गाड्या आणि एसटी यावर सगळा काठ होतो, फक्त खिद्रापूरच्या परतीच्या एसटीची वेळ जातानाच कंडक्टरला विचारून ठेवा.

*चेक: प्रत्येक ठिकाणापुढं काठ लिहा, "अलीकडे" किंवा "पलीकडे", आणि जवळचा पूल कुठला तेही.*

४. सोबत काय घ्यायचं

फार नाही. पटकन काढता येतील पण घसरणार नाहीत अशा चपला (सतत काढाघाला लागते, बुटाच्या नाड्यांनी वैताग येतो). सुती मोजे, कारण दुपारी काळ्या दगडावर अनवाणी चालताना तळपाय भाजतात आणि खिद्रापूर नेमकं दुपारीच बघायचंय. छोटी टॉर्च, फोनची चालते पण वेगळी असली तर बरी. सुटे पैसे, सगळीकडे ऑनलाइन पेमेंट चालतं पण नावाडी आणि चप्पल सांभाळणारी आजी यांच्याकडे रेंज असेलच असं नाही. पाणी. पंचा किंवा टॉवेल. ट्रायपॉड घरी ठेवा, पुरातत्व खात्याच्या संरक्षित वास्तूत तो विनापरवानगी लावू देत नाहीत, आणि ड्रोन तर परवानगीशिवाय काढूच नका.

५. पहिला दिवस सकाळ: धोम, मेणवली, मग वाई

लोक हे उलटं करतात. आधी वाई, मग मेणवली, आणि धोम राहूनच जातं. पुण्याहून पहाटे साडेपाचला निघा, खंबाटकी ओलांडला की सुरूर फाट्याला आत वळा, वाईत चहा घ्या आणि न थांबता थेट धोमला जा. तिथून नदीबरोबर खाली उतरत या. क्रम असा ठेवायचं कारण साधं आहे: वाईच्या गणपती आळीत उशिरा गेलं तरी देऊळ उघडं असतं, मेणवलीचा घाट मात्र दहानंतर प्री-वेडिंगवाल्यांच्या ताब्यात जातो.

धोमला धोमेश्वराच्या देवळासमोरचा नंदी बघा. कमळाच्या आकाराच्या दगडी हौदात कासवाच्या पाठीवर नंदीचा मंडप आहे, हौदात पाणी भरलेलं असलं की कासव पाण्यात असल्यासारखं दिसतं. बहुतेक वेळा हौद कोरडा असतो, निराश होऊ नका, कोरडा असताना कासवाचे पाय आणि पाकळ्यांची कड नीट दिसते. शेजारी उंच गोल चौथऱ्यावर नरसिंहाचं देऊळ. तास पुरे.

मेणवलीत दोन गोष्टी वेगळ्या धरा, वाडा आणि घाट. नाना फडणवीसांचा वाडा खाजगी मालकीचा आहे, कधी उघडा असतो, कधी आतला ठराविकच भाग दाखवतात, कधी शूटिंग चालू असतं. वाडा बघायला मिळेलच असं धरून जाऊ नका. घाट उघडा आहे. चंद्रकोरीसारखा वळलेला घाट, त्यावर मेणेश्वराचं देऊळ आणि बाजूच्या छोट्या दगडी मंडपात ती मोठी घंटा. वसईच्या मोहिमेनंतर आणलेल्या पोर्तुगीज घंटांपैकी ही एक, वसई पडली १७३९ मध्ये. लोक खालून एक फोटो काढतात आणि निघतात. जवळ जाऊन बाजूनं बघा, धातूवर बाळ येशूला घेतलेली मेरी उठावात आहे. सकाळचं तिरकं ऊन घंटेवर येतं तेव्हा ती स्पष्ट दिसते, दुपारी सपाट होऊन जाते. वाजवायचा मोह आवरा.

आता वाई. गाडी गणपती आळीत घालू नका, गल्ल्या अरुंद आहेत आणि समोरून एक पिकअप आली की रिव्हर्समध्ये सगळं कौशल्य दाखवावं लागतं. बाहेर लावा आणि चालत जा. ढोल्या गणपतीचं दर्शन झालं की देवळाला वळसा घालून मागं जा, ही गोष्ट दहातले नऊ जण करत नाहीत. गाभाऱ्याची मागची भिंत माशासारखी निमुळती बांधलीय, पुराचं पाणी तिच्यावर आपटण्याऐवजी दोन्ही बाजूंनी दुभंगून जावं म्हणून. देऊळ १७६२ चं, गणपतराव भिकाजी रास्त्यांनी बांधलेलं, आणि इतके पूर पाहून उभं आहे. आधी नदीच्या बाजूनं ही भिंत बघा आणि मग पुन्हा समोर या, घाटाची सगळी रचना डोक्यात बसते. शेजारी काशीविश्वेश्वर आहेच.

वाईला एकूण सात घाट. सगळे करायची गरज नाही. गणपती आळीपासून नदीच्या कडेनं चालत मधली आळी, गंगापुरीपर्यंत गेलात तरी पुष्कळ.

⚠ सकाळी घाटांवर दशक्रिया चालू असतात. कॅमेरा खाली, आवाज खाली, लांबून जा. हे वाई, माहुली, कराड, सगळीकडे लागू.

⚠ आणि पाचगणी नाही. खरंच नाही. जुन्या महाबळेश्वरचं पंचगंगा आणि कृष्णाबाईचं देऊळ बघायचंच असेल, उगम म्हणून, तर आदल्या दिवशी वर मुक्काम करा आणि पहाटे खाली उतरा. मधल्या वेळेत वर जाऊन येऊ म्हणणारे दिवस घालवतात.

६. पहिला दिवस दुपार: लिंबची विहीर आणि माहुली

वाईत जेवून पाचवडला हायवेला लागा. पुढं आनेवाडी टोलनाका, मग लिंब फाटा, तिथून आत लिंब-शेरी. बारा मोटेची विहीर. दुपारी दोन-अडीचला पोचलात तर उत्तम, ऊन थोडं तिरकं होऊन आतल्या भिंतीवर पडतं.

ही विहीर कशी बघायची याचाही क्रम आहे, कारण लोक सरळ पायऱ्या उतरतात, आत सेल्फी काढतात आणि वर येतात. आधी वरून फेरी मारा. वरून अष्टकोनी मुख्य विहीर आणि तिला जोडलेली उपविहीर असा एकत्र आकार कळतो, काठावर मोटा बसवायच्या जागा दिसतात, त्या मोजायचा खेळ पोरांना लावून द्या, नावात बारा असल्या तरी जागा पंधरा आहेत. मग खाली. दारावर शिलालेख आहे, शके १६४१ ते १६४६, म्हणजे इसवी सनात १७१९ ते १७२४, वीरूबाई भोसल्यांनी बांधलेली. आत जाताना बाजूला शरभ (सिंहासारखा काल्पनिक प्राणी) कोरलेत, हत्तींना पंजात धरलेले. मधल्या पुलासारख्या भागात छोटा महाल आहे, तिथून दोन्ही बाजूंना पाणी दिसतं.

⚠ पावसाळ्यानंतर खालच्या पायऱ्यांना शेवाळ असतं. कठडा सगळीकडे नाही, लहान मुलांचा हात सोडू नका. कमानीत आग्यामोहोळ दिसलं तर मोठ्यानं ओरडून घुमणारा आवाज ऐकायची हौस दुसरीकडे भागवा.

तिथून माहुली, साधारण साडेचार-पाचला पोचा. संगम माहुलीच्या बाजूला विश्वेश्वराचं मोठं देऊळ, समोरच्या काठावर रामेश्वर. नदीपात्राकडे उतरताना समाध्या लागतात. थोरल्या शाहू महाराजांची, महाराणी ताराबाईंची, येसूबाईंची, आणि शाहूंच्या लाडक्या खंड्या कुत्र्याचीसुद्धा. कुठली कोणाची हे स्वतःच ठरवू नका, घाटावर बसलेल्या एखाद्या आजोबांना विचारा, दाखवतील. पावसाळ्यानंतर गाळ साचलेला असला तर काही भाग दिसत नाही.

एक गोष्ट आधी माहीत असलेली बरी, संगम माहुलीला शेजारीच चालती स्मशानभूमी आहे. धूर दिसला तर त्या बाजूला कॅमेरा फिरवू नका आणि "इथं हे कसं काय" असं मोठ्यानं म्हणू नका, शेकडो वर्षं ते तसंच आहे.

मुक्काम सातारा.

७. दुसरा दिवस सकाळ: कराड

साताऱ्याहून कराड पन्नास-पंचावन्न किलोमीटर, तासाभराचं काम. प्रीतिसंगमावर सकाळी आठच्या आत पोचा. संध्याकाळी तिथं बागेत आणि भेळेच्या गाड्यांवर सगळं गाव असतं, मजा येते पण संगम दिसत नाही.

संगम बघताना लोक पाण्यापाशी उतरतात आणि दोन नद्या कुठं मिळतात तेच कळत नाही. उतरू नका, वर यशवंतरावांच्या समाधीच्या बाजूनं उभं राहून बघा. कृष्णा आणि कोयना इथं एकमेकींच्या समोरासमोर येऊन भिडतात आणि मग एकत्र होऊन पूर्वेकडे वळतात. एरवी संगम म्हणजे एक नदी कडेनं येऊन दुसरीत शिरते, इथं तसं नाही. पावसाळ्यात दोघींच्या पाण्याचा रंग वेगळा असला तर मधली रेघ दिसते.

मग कृष्णामाईचं देऊळ, कसब्यातले मशिदीचे मनोरे आणि कोटातली नकट्या रावळाची विहीर, हे चालत होतं. विहिरीपाशी जायचा रस्ता गल्लीतून विचारत विचारतच सापडतो. वेळ आणि गुडघे दोन्ही असतील तर जखिणवाडीची आगाशिवची लेणी, पण ती डोंगरावर आहेत, नदीकाठावर नाहीत, आणि ती धरली तर पुढचं बहे, नदीतलं बेट, सोडावं लागेल. मी बहे धरेन.

*चेक: साडेदहाला कराड सोडलं पाहिजे.*

८. दुसरा दिवस दुपार: बहे, औदुंबर, सांगली

पेठ नाक्याला हायवे सोडा, ईश्वरपूर (जुनं इस्लामपूर), तिथून बोरगावजवळ बहे. नदीच्या मध्ये बेट, बेटावर रामलिंगाचं देऊळ आणि त्याच्या मागं समर्थांच्या अकरा मारुतींपैकी एक. राम बघून लोक परत फिरतात, मारुती मागं आहे. बेट असल्यामुळे पाणी वाढलं की जाता येत नाही, गावात शिरल्या शिरल्या विचारा.

औदुंबर आष्ट्याहून अंकलखोपच्या रस्त्यानं. दत्ताचं स्थान, घाट, पलीकडे भुवनेश्वरी. दुपारी शांत असतं. नाव पाचच्या आत करा, आणि नावेत माणसं जास्त भरत असतील तर पुढच्या खेपेला थांबा, नावाडी "बसा हो, काही होत नाही" म्हणाला तरी. या पट्ट्यात रस्त्याकडेला कृष्णाकाठची वांगी मिळाली तर घ्या, मसाला भरून केली की समजतं लोक एवढं कौतुक का करतात.

आता महत्त्वाचं. नोव्हेंबर ते मार्च हा ऊसतोडीचा सीझन. कराडपासून शिरोळपर्यंत रस्त्यावर उसानं शिगोशिग भरलेल्या डबल ट्रॉल्या आणि बैलगाड्या असतात, मागं लाईट नाही, रिफ्लेक्टर नाही, अंधारात ट्रॉली पन्नास फुटांवर आल्यावरच दिसते. सूर्य मावळल्यावर या पट्ट्यात गाडी चालवायची नाही. अख्ख्या लेखातून एकच गोष्ट लक्षात ठेवायची तर ही ठेवा. पहाटे धुकंही असतं, त्यामुळे सातच्या आधी निघायची घाईही नको.

म्हणून सहाच्या आत सांगली. संध्याकाळी गणपती मंदिर आणि मग आयर्विन पूल. १९२९ चा पूल. त्याच्या खांबावर फुटांच्या खुणा रंगवल्यात, त्या बघा आणि मग मागं वळून गावाकडे बघा, ४५ चा आणि ५७ चा अर्थ तेव्हा कळतो. हरिपूरचा संगम सकाळसाठी ठेवा. मुक्काम सांगली किंवा मिरज, भडंग उद्या निघताना घ्या.

९. तिसरा दिवस: हरिपूर, वाडी, आणि दुपारी बरोबर वेळेला खिद्रापूर

तिसऱ्या दिवसाचं सगळं नियोजन खिद्रापूरवरून उलटं मोजायचं. तिथं बाराला पोचायचंय. म्हणजे हरिपूर सात-साडेसातला (कृष्णा-वारणेचा संगम, संगमेश्वराचं देऊळ, अर्धा-पाऊण तास), वाडीत नऊला, सव्वाअकराला वाडी सोडायची.

वाडीत रांग, दर्शन, घाट. देऊळ नदीच्या अगदी काठाशी आहे आणि पावसाळ्यात पाणी आत शिरून पादुकांवरून वाहत दक्षिणेच्या दारानं बाहेर पडतं, तो दक्षिणद्वार सोहळा, त्यासाठी लोक मुद्दाम स्नानाला येतात. ज्यांना तो अनुभवायचाय त्यांनी आधी देवस्थानाकडून खात्री करून, स्वतःची गाडी न आणता, एसटीनं यावं. पार्किंग पाण्यात गेल्यावर गाडी काढायची पंचाईत होते. परतीला बासुंदी आणि कवठाची बर्फी. बासुंदी उन्हात गाडीत ठेवली की खराब होते, खिद्रापूर करून परत याच रस्त्यानं येणार असाल तर तेव्हा घ्या.

खिद्रापूरचं कोपेश्वर. इथं लोक दोन चुका करतात. पहिली, उशिरा पोचतात. दुसरी, बाराच्या ठोक्याला स्वर्गमंडपात उभं राहून "मध्यभागी ऊन का नाही पडलं" म्हणतात.

स्वर्गमंडपाच्या छताला मध्ये गोल मोकळी जागा आहे, खाली त्याच मापाची गोल शिळा. वरून येणारा उन्हाचा गोल शिळेवर बरोबर बसायचा असेल तर सूर्य डोक्यावर पाहिजे, आणि या गावात सूर्य डोक्यावर येतो मेच्या पहिल्या आठवड्यात आणि ऑगस्टच्या सुरुवातीला. डिसेंबरात तो दक्षिणेकडे कललेला असतो, त्यामुळे गोल उत्तरेकडे सरकून खांबांच्या दिशेनं जातो. यात बिघडलं काही नाही, उलट खांबांवरचं कोरीवकाम त्या कवडशात उजळतं, वेगळंच दिसतं. शिवाय इथली खरी दुपार घड्याळात बाराला होत नाही, आपण भारताच्या पश्चिमेला असल्यामुळे ती सव्वाबारा ते पाऊणच्या दरम्यान होते. म्हणून बाराला पोचा आणि तासभर बसा, गोल सरकताना बघा.

हाच हिशोब चंद्राला उलटा लागतो. त्रिपुरी पौर्णिमेचा चंद्र साधारण मेमधल्या सूर्याच्या वाटेनं जातो, म्हणून मध्यरात्रीच्या सुमाराला तो जवळजवळ डोक्यावर असतो आणि चांदण्याचा गोल शिळेवर येतो. त्या रात्री गर्दी तुफान असते. शांतपणे देऊळ बघायचं असेल तर ती रात्र सोडून कुठलाही साधा दिवस घ्या.

आत बघायचा क्रम: स्वर्गमंडप, सभामंडप, मग गाभारा. नंदी शोधत बसू नका, इथं नंदी नाही, गावकरी सांगतात तो पलीकडे कर्नाटकात यडूरला आहे. गाभाऱ्यात काळोख असतो, डोळे सरावायला दोन-तीन मिनिटं द्या, मग दोन लिंगं दिसतील, कोपेश्वर आणि धोपेश्वर. टॉर्च जमिनीकडे धरा, फ्लॅश नको.

बाहेर आल्यावर पूर्ण प्रदक्षिणा, सावकाश. जोत्यावर हत्तींची रांग आहे, पुष्कळांच्या सोंडा तुटलेल्या, पण प्रत्येक हत्तीची झूल आणि दागिने वेगळे, दोन-चार शेजारशेजारचे निवडून बघा म्हणजे पटेल. हिवाळ्यात दक्षिणेच्या भिंतीवर दिवसभर ऊन असतं आणि उत्तरेची सावलीत राहते, फोटो त्या हिशोबानं. दक्षिण दाराशी शिलालेख आहे. गावातलं जैन मंदिर चालत पाच मिनिटांवर, तेही करा, इतक्या लांब परत कोण येणार आहे.

⚠ शिल्पांना हात लावू नका, टेकून उभं राहू नका, मुलांना हत्तींवर बसवून फोटो तर अजिबात नको. रखवालदार ओरडतो आणि बरोबर ओरडतो.

*चेक: साडेतीनला खिद्रापूर सोडलं की उजेडात हायवेला लागता येतं. ट्रॉल्या आठवतायत ना.*

१०. दोनच दिवस असतील तर

सगळं थोडं थोडं करू नका. एकतर वरचा टप्पा घ्या, धोम ते कराड, किंवा सांगलीत मुक्काम टाकून खालचा, औदुंबर ते खिद्रापूर. एकाच दिवसाची सुट्टी असेल तर पुणे-मुंबईकरांनी धोम, मेणवली, वाई, लिंब एवढंच करावं आणि कोल्हापूरकरांनी वाडी-खिद्रापूर. एका दिवसात वाई ते खिद्रापूर आणि परत, हे शक्य आहे का असं कोणी विचारलं तर गाडीला शक्य आहे, बघणाऱ्याला नाही.

घरातली वयस्कर मंडळी सोबत असतील तर लिंबची विहीर त्यांना वरूनच दाखवा, मेणवलीला घाटाच्या वरच्या टप्प्यावर बसवा, औदुंबरला नावेऐवजी अलीकडेच थांबू द्या. वाडी आणि सांगलीचा गणपती त्यांना सोयीचा पडतो. खिद्रापूरला आतून फार चढ-उतार नाही, उंबरे मात्र उंच आहेत, तिथं हात द्या.